'धर्मगुरू' या एका शब्दात किती जण बसवायचे?

अनुवादिका
सामान्य वाचकाला जगातल्या धर्मांची कितपत माहिती आहे, हे पाहणारी एक प्रश्नावली मराठीत आणते आहे. एका प्रश्नात जोड्या लावायच्या आहेत: इकडे धर्म, तिकडे रब्बी, इमाम, ग्रंथी, बिशप. सूचनेत या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा. मी 'धर्मगुरू' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'पुरोहित' केलं. मला दोन्ही खटकतात. काय लिहावं?

कोशवाचक
'धर्मगुरू'च ठेवा. वर्तमानपत्रं पोपपासून दलाई लामांपर्यंत सगळ्यांना हेच लिहितात आणि वाचकाला ते कळतं. 'पुरोहित' म्हटलं की पूजाविधी आले.

सावनी
कळतं, की कळल्यासारखं वाटतं? ग्रंथींना 'शीख धर्मगुरू' म्हणणं ही सरळ चूक आहे. शिखांचे देहधारी गुरू दहा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाकडे सोपवलं. ग्रंथी त्याचं पठण करतात, ते स्वतः गुरू नव्हेत.

रब्बींनाही 'पुरोहित' लागू पडत नाही. यहुद्यांचे पुरोहित म्हणजे कोहेन. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तिथले बळीचे विधी थांबले. पुढे तो समाज ज्यांनी सांभाळला ते रब्बी शास्त्र शिकवणारे, अर्थ लावणारे, निवाडा देणारे. आपल्या भाषेत शास्त्रीबुवा म्हणा हवं तर.

आणि दलाई लामा साऱ्या बौद्धांचे प्रमुख, हा समज तर फारच पसरलेला आहे. ते तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेतले, आणि तिचंही औपचारिक प्रमुखपद गांदेन त्रिपा यांच्याकडे असतं. श्रीलंका-थायलंडकडच्या थेरवादी पंथातल्या भिक्खूंचा त्यांच्या अधिकाराशी संबंध नाही. 'बौद्ध धर्मगुरू' हे दोन शब्द छापले की यातलं काहीही माहीत असण्याची गरज उरत नाही. माझा राग त्यावर आहे.

जुना_वाचक
रब्बी आपल्याला परका नाहीच! रब्बी हंगाम आठवा. ज्ञानाची पेरणी करतो तो रब्बी. आमचे आजोबा अशीच फोड सांगत.

मूळशोधक
फोड सुंदर आहे, पण मुळं वेगळी. हंगामाचा शब्द अरबी 'रबीअ'वरून आला, म्हणजे वसंत, कारण पीक तेव्हा हाती येतं. यहुद्यांचा रब्बी हिब्रू 'रव'वरून, म्हणजे थोर, स्वामी. 'रब्बी' म्हणजे 'माझे गुरुजी'. अरबी 'रब' याच कुळातला.

कोशवाचक
बघा, अर्थच 'गुरुजी' निघाला! मग 'धर्मगुरू' चुकीचं कसं? मराठी शब्द हाताशी असताना रब्बी, इमाम, बिशप अशी रांग कशाला लावायची?

सावनी
रब्बीला बसलं म्हणून इमामाला बसेल का? सुन्नींमध्ये इमाम म्हणजे नमाज पढताना पुढे उभा राहणारा. बारा-इमामी शियांमध्ये इमाम बाराच, पहिले हजरत अली. एकाच धर्मातही या शब्दाचं वजन इतकं बदलतं.

मिस्सावाला
मी कॅथलिक. आम्ही मराठीत फादरांना 'धर्मगुरू'च म्हणतो, त्यामुळे शब्दाला सरसकट नावं ठेवू नका. 'पाद्री' आम्ही सहसा म्हणत नाही. प्रोटेस्टंट मंडळी 'पाळक' म्हणतात. मराठी बायबलमध्ये जुन्या मंदिरातल्या पुरोहितांना 'याजक' आहे.

कोशवाचक
'पाद्री' पोर्तुगीज, 'फादर' इंग्रजी. दोन्हींचा अर्थ बाप. 'पोप'ही मुळात बापच. सगळ्यांना 'धर्मपिता' का म्हणू नये?

मिस्सावाला
मत्तयच्या २३व्या अध्यायात येशू सांगतो की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, आणि स्वतःला रब्बीही म्हणवून घेऊ नका. 'फादर' म्हणण्यावर प्रोटेस्टंट हेच वचन पुढे करतात. 'धर्मपिता' छापाल तर तो वाद प्रश्नावलीत आणाल.

तळटीप
माहितीचं म्हणाल, तर २०१० साली अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेनं लोकांना धर्मांविषयी ३२ प्रश्न विचारले होते. सरासरी १६ बरोबर आले. सर्वांत पुढे नास्तिक-अज्ञेयवादी, त्यांच्या लगोलग ज्यू आणि मॉर्मन हा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना; तिच्यातली भाकर आणि द्राक्षारस निव्वळ प्रतीक नसून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही आपल्याच चर्चची शिकवण ४५ टक्के कॅथलिकांना ठाऊक नव्हती. आपला धर्मच नीट माहीत नसतो तिथे दुसऱ्याचा ग्रंथी कोण आणि इमाम कोण, हे कुठून कळणार? म्हणून मूळ नावंच ठेवा, निदान कानावर तरी पडतील.

अनुवादिका
नावं ठेवतेच आहे हो. प्रश्न त्यांच्या वरच्या ओळीचा आहे. 'धार्मिक पदं' चालेल?

सावनी
बहाई धर्मात पुरोहितवर्गच नाही, कारभार निवडून आलेल्या मंडळांकडे. यादीत ते असतील तर 'पदं' बरं. 'गुरू' मात्र नको.

कोशवाचक
'धार्मिक पदं' म्हणजे अभंग-भजनं वाटतील!

जुना_वाचक
मूळशोधक, अरबीत 'रबीअ' आहे, तर आपल्याकडे 'ब'चं द्वित्त आलं कुठून?

मूळशोधक
बोलताना आघातानं आलं असावं. लिहिताना मी 'रबी'च लिहितो.

जुना_वाचक
कोणी शेतकरी 'रबी' म्हणताना मी तरी ऐकला नाही. शब्द पिकवणाऱ्यांचा की कोशवाल्यांचा?