मलेशियाच्या घटनेत इस्लाम हा देशाचा धर्म आहे, मग देश सेक्युलर की इस्लामी?

प्रश्नचिन्ह:
मलेशियाबद्दल वाचताना एका गोष्टीत अडकलोय. तिथल्या घटनेच्या कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की इस्लाम हा संघराज्याचा धर्म आहे, आणि लगेच पुढे असंही आहे की बाकीचे धर्म देशात कुठेही शांततेनं पाळता येतील. २०२० च्या जनगणनेत मुस्लिम ६३.५ टक्के, म्हणजे तिघांमागे एक तरी माणूस बौद्ध, ख्रिश्चन, हिंदू वगैरे. आता पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान अगदी उतारवयातही ठासून सांगायचे की हे इस्लामी राष्ट्र नाही, आणि महाथीर मोहमद यांनी २००१ मध्ये पंतप्रधान असताना जाहीरच करून टाकलं की आहे. घटना एकच ना? कुणी नीट उलगडून सांगेल का, वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

जुनाजाणता:
चांगला प्रश्न आहे. हे कलम आलं कुठून ते आधी बघा, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की तिथल्या मलय राज्यांच्या सुलतानांनी ते घुसवलं, आणि झालं होतं बरोबर उलटं. स्वातंत्र्याआधी घटनेचा मसुदा करायला रीड आयोग नेमला होता, पाच सदस्य, त्यात अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते आणि पाकिस्तानचे न्या. अब्दुल हमीद होते. आयोगाच्या बहुमताच्या मसुद्यात असं कलमच नव्हतं. सुलतानांनाही सुरुवातीला नको होतं, कारण आपापल्या राज्यात धर्माचे प्रमुख तेच होते आणि केंद्राने त्यात हात घालायला नको ही त्यांची धास्ती. मागणी होती अलायन्सची, म्हणजे मलय, चिनी आणि भारतीय पक्षांच्या आघाडीची, आणि त्यांच्या निवेदनातच स्पष्ट होतं की यामुळे इतर धर्मीयांवर कसलंही बंधन येणार नाही आणि राज्य सेक्युलर नाही असाही अर्थ निघणार नाही. अब्दुल हमीद यांनी वेगळं मत नोंदवून सांगितलं की हे निरुपद्रवी आहे, घाला. म्हणून १९५७ च्या घटनेत ते आलं, आणि सोबत ३(४) सुद्धा आलं की या कलमामुळे घटनेतली दुसरी कुठलीही तरतूद कमी होत नाही. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, फाशीच्या शिक्षेचं प्रकरण होतं, आरोपीचं म्हणणं की ही शिक्षा इस्लामविरोधी म्हणून रद्द करा, आणि न्या. सालेह अबास म्हणाले की कलम ३ मधला इस्लाम विधी-समारंभांपुरता आहे, देशाचा कायदा सेक्युलर आहे. त्यामुळे माझं उत्तर टुंकूंच्या बाजूचं.

वकिलीणबाई:
जुनाजाणता यांचा इतिहास बरोबर आहे पण सगळे कलम ३ कडेच बघत बसतात आणि खरी मेख दुसरीकडे आहे. त्याच १९८८ सालात घटनादुरुस्ती होऊन कलम १२१ मध्ये (१अ) आलं. जो विषय शरिया कोर्टाच्या, म्हणजे मुस्लिमांसाठीच्या धार्मिक कोर्टाच्या, अखत्यारीत येतो त्यात साध्या हायकोर्टाने पडायचं नाही, एवढंच. वाचायला निव्वळ कामाची वाटणी वाटते. पण आता बघा काय होतं.

मुस्लिम नागरिकाच्या मलेशियन ओळखपत्रावर 'इस्लाम' छापलेलं असतं, इतरांच्या कार्डावर धर्म छापत नाहीत. लीना जॉय केसमधली बाई ख्रिश्चन झाली, नाव बदलून मिळालं, नवं कार्ड आलं तर त्यावर 'इस्लाम' तसंच! ते काढायला गेली तर उत्तर काय, की आधी शरिया कोर्टातून धर्म सोडल्याचं प्रमाणपत्र आणा. ते कार्ड तसंच राहिलं तर ख्रिश्चन माणसाशी तिचं लग्नच नोंदवता येत नाही. २००७ मध्ये फेडरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने (त्याचं आताचं नाव हे), २ विरुद्ध १ ने तिच्या विरोधात निकाल दिला. कलम ११ म्हणतं की प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा हक्क आहे, पण तो हक्क मागायला ज्या कोर्टात जायचं तेच कोर्ट तुम्हाला आधीपासून मुस्लिम धरून चालतं. ज्या माणसाचं म्हणणंच हे आहे की मी या धर्मात नाही, त्याने त्या धर्माच्या कोर्टात परवानगी मागायची, मला हे पटूच शकत नाही. भारतात मुस्लिम पर्सनल लॉ आहे पण तो लावतं साधं फॅमिली कोर्ट, त्यामुळे दारातच कुणाला तू कोण म्हणून अडवायची वेळ येत नाही. घटनेत धर्माचं स्थान नक्की काय हे पहिल्या पानावरच्या घोषणेने ठरत नाही हो, कुठल्या माणसाने कुठल्या कोर्टाची पायरी चढायची याने ठरतं.

बोरूबहाद्दर:
ताई, मुद्दा पटला पण चित्र थोडं एकतर्फी होतंय. (१अ) आणायला कारण होतं. शरिया कोर्टाने लग्न, वारसा, मुलांचा ताबा यावर निर्णय द्यायचा आणि साध्या कोर्टाने तो फिरवायचा असं वारंवार व्हायचं, मलय मुस्लिमांना त्यात इंग्रजांच्या काळापासूनचा कमीपणा वाटायचा, आणि ती भावना खोटी नव्हती. शिवाय कोर्टं गप्प बसलेली नाहीत. २०१८ चा निकाल बघा, इपोहमधली बालवाडीत शिकवणारी हिंदू आई, नवऱ्याने २००९ मध्ये स्वतः इस्लाम स्वीकारला आणि तिला न विचारता तीन मुलांचंही धर्मांतर करून टाकलं. फेडरल कोर्ट म्हणालं की आईवडील दोघांची संमती हवी, प्रमाणपत्रं रद्द, आणि घटनेचा अर्थ लावायचा अधिकार साध्या कोर्टाकडून (१अ) ने काढून घेता येत नाही. आणि २०२४ मध्ये केलांतान राज्याच्या शरिया फौजदारी कायद्यातली १६ कलमं ८ विरुद्ध १ ने रद्द झाली, कारण ते गुन्हे केंद्राच्या यादीतले. ती याचिका केली होती एका मुस्लिम वकील बाईने आणि तिच्या मुलीने, हे विसरू नका, म्हणजे ही मुस्लिम विरुद्ध इतर अशी लढाई नाहीये.

वकिलीणबाई:
@बोरूबहाद्दर मान्य, २०१८ चा निकाल मोठाच आहे. पण निकालानंतरही कित्येक वर्षं त्या आईला तिची धाकटी मुलगी मिळाली नव्हती, नवऱ्याने नेली तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. कागदावर जिंकून त्या बाईच्या हातात काय आलं सांगा.

प्रश्नचिन्ह:
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. एक शेवटचं, सारावाक राज्याच्या घटनेत तर कुठलाच राज्यधर्म नाही असं वाचलंय. मग तिथे तरी हा प्रश्न सुटत असेल ना?

वकिलीणबाई:
नाही सुटत. राज्यधर्म नाही हे खरं, पण कलम १२१(१अ) तिथेही लागू आहे. त्याच २०१८ मध्ये, त्या आईच्या निकालानंतर महिनाभरात, सारावाकमधले काही जण इस्लाम सोडल्याची नोंद करून घ्यायला फेडरल कोर्टापर्यंत गेले होते. कोर्टाने सांगितलं, शरिया कोर्टात जा.