मदत हवी आहे: डिफरन्शियलमध्ये तेल भरण्याचा बोल्ट सुटत नाही

इंग्लंडमध्ये वापरात असलेल्या माझ्या १.८ लिटरच्या माझदा एमएक्स-५ गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचे) तेल बदलायचे आहे. जुने तेल काढल्यावर नवीन भरताच आले नाही तर गाडी जागेवरच अडकेल, म्हणून आधी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सोडवायला घेतला. परंतु हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे तो पूर्ण गंजला आहे. तारेच्या ब्रशने घासून, दोन रात्री गंज सोडवणारे तेल मुरवून आणि षटकोनी सॉकेटला लांब दांडा लावून पाहिले, तेव्हा बोल्टचे कोपरे किंचित गोल होऊ लागले. खालच्या, तेल काढण्याच्या बोल्टला हात लावलेला नाही. गाडी स्टँडवर असल्याने दांडा फिरवायला जेमतेम वीतभर जागा मिळते. ७५डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाचे गिअर तेल आणि नवीन वॉशर तयार आहेत. आत तेल असताना बोल्टला गॅसच्या बत्तीने उष्णता दिली तर ऑइल सीलला (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्याला) धोका आहे का, की आधी एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवावे?