हिंग्याचा फोड

‘किड्यांचे वास हुंगण्यात हयात घालवणं अमेरिकेतल्यांनाच परवडतं’ असं कीटकांच्या रसायनांवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलं, ते पटलं नाही. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइसनर यांनी अभ्यासलेल्या, उकळता फवारा मारणाऱ्या भुंगेऱ्याबद्दल त्या चर्चेत भरपूर आलं, पण हिंग्यांचा, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचा, विषय कुणी काढला नाही. आमचं रान मंगळवेढ्याजवळ. लहानपणी बाजरीच्या कणसावरचे हिंगे वेचताना एक मनगटाखाली दबला. त्याच्या पायाच्या सांध्यातून पिवळसर थेंब आला, मी चड्डीला पुसला नि विसरलो. सकाळी मनगटावर द्राक्षाएवढा फोड! आजीनं खोबरेल लावलं, शिव्या मात्र मलाच. त्या थेंबातलं फोड आणणारं रसायन म्हणजे कँथरिडिन. आइसनर यांनी त्याच्यावरच एका लाल भुंगेऱ्यात काम केलं: मादी आधी नराच्या डोक्यावरच्या खाचेतलं कँथरिडिन चाखते, असेल तरच जवळ येऊ देते. पुढं नराकडून मिळालेला साठा अंड्यांत उतरतो आणि त्यांना भक्षकांपासून वाचवतो. हुंडाच, फक्त नवऱ्यामुलाकडून.

आणि परवडण्याचं म्हणाल, तर किड्यांच्या वासाचा उपयोग आम्हीही करतो: हरभऱ्यात घाटे अळीसाठी आम्ही हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतो. आतली गोळी म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल. सकाळी पिशवीतले नर पतंग मोजायचे, मगच फवारणीच्या पंपाला हात लावायचा.