आजीच्या घरातली न ओळखलेली वस्तू: तुमचे अनुभव सांगा

परवा भाचीने फोटो पाठवला. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू, वर मोर, खाली चौकडीच्या खाचा, हलवली की आत खुळखुळ. "मावशी, बाळाचा खुळखुळा का गं?" मला एकदम आमचं न्हाणीघर आठवलं. बंब, घंगाळ आणि टाचा घासत बसलेली आजी. वज्री आहे ती! तुमच्याकडे असं काय निघालं? कशावरून ओळखलंत? सविस्तर लिहा.

कऱ्हाडकर: आमच्यात वजरी म्हणतात. हत्तीची होती. मोडीत गेली, आईला अजून हळहळ वाटते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघून ये म्हणावं भाचीला, तिथले अडकित्ते तर बघतच राहावेत असे.

पोळपाट: तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. गळकी म्हणून तुळशीपाशी पडून होती. दीर म्हणाले, घरात पूर्वी भिक्षुकी होती, तेव्हा उलगडा झाला. घटिकापात्र! पाण्यावर सोडायचं, भोकातून पाणी चढत चढत 24 मिनिटांत बुडतं. ती एक घटका, दिवसरात्रीच्या 60. लग्नाचे मुहूर्त यावर धरत. आम्ही घंगाळात सोडून बघितलं, मुलं बुडेपर्यंत जागची हलली नाहीत.

निवांत: पोळपाट, फोटो टाका ना!!

सांगलीची सून: फणेरपेटी आहे का कुणाकडे? आमच्या पेटीत आरशाखाली इवलीशी डबी, आत वाळून दगड झालेलं पिवळट काहीतरी. लेकीला औषध वाटलं. मेण ते. आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकू. कुकर झाला, येतेच.

वाड्यातला: झाकणाला भोकं असलेली पितळी डबी. सगळे मिठाची म्हणत होते, पण तळाशी काळी बारीक वाळू. मोडी कागदावरची ओली शाई टिपायला भुरभुरवायचे. जुन्या कागदांच्या घड्या उलगडल्या की अजून कण सांडतात.

कऱ्हाडकर: मोडी कागद आहेत?? लॅमिनेशन अजिबात करू नका. भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा आधी.

वाड्यातला: नक्की. आजच भावाला सांगतो.

निवांत: आमच्याकडे मापं. चिपटं पावशेर, मापटं अर्धा शेर, चार शेरांची पायली. आई भाताला तांदूळ चिपट्यानेच घेते, वाटी चालत नाही तिला. वजनावर शेराचा शिक्का असेल तर बहुतेक जुनंच, 1958 पासून किलो यायला लागले.

सांगलीची सून: आले. भांडं असेल तर आधी काठ बघा. ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कुणी दिलं, कधी दिलं. आत कल्हई दिसली तर रांधायचं. आणि हे सगळं चिंचेने घासायच्या आधी बघा गं बायांनो, पुसट नावं जातात.

निवांत: कल्हईवरून आठवलं, ठाण्यात कुणी कल्हईवाला आहे का?

पोळपाट: आमच्या गल्लीत दिवाळीच्या आधी येतो. कळवते. किती भांडी आहेत?

निवांत: पातेली आणि एक मोठी परात. परात करतो का तो?