मदत हवी आहे: मोजता येतं, पण मीटरचे सेंटिमीटर करताना अडतं

नमस्कार मंडळी,

मुलगी चौथीत आहे. पट्टीने रेघ मोजणं, घड्याळ बघणं, काट्यावरचं वजन वाचणं, सगळं नीट जमतं. किलो-हेक्टो-डेकापासून मिलीपर्यंतचं कोष्टक तर तोंडपाठ आहे. पण उदाहरण समोर आलं की गाडी अडते. '३ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे किती सेंटिमीटर?' याचं उत्तर तिने ३५ लिहिलं. "परत एकदा बघ बरं" म्हटल्यावर खोडून ३५० केलं. ३०५ काही येईना. '४५० सेंटिमीटरचे मीटर कर' म्हटलं तर ४५,०००! शंभराशी काहीतरी करायचंय हे आठवतं, गुणायचं की भागायचं तिथे घोळ.

असं का केलंस विचारलं, तर म्हणाली, "मीटर मोठा असतो ना, मग उत्तर मोठंच येणार." खरी गोम इथेच आहे असं मला वाटतं. एकक मोठं झालं की आकडा लहान होतो, हे तिला आतून पटलेलंच नाही. समजावलं की मान डोलावते आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच.

'लहान एककाकडे जाताना गुणायचं, मोठ्याकडे जाताना भागायचं' हे पाठ करून घ्या, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही. नियम विसरली की हातात काहीच उरणार नाही. शिवाय पुढे क्षेत्रफळ आलं की १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर असं बिनदिक्कत लिहील, १०,००० नाही.

वेळेचा गोंधळ आणखी वेगळा. १ तास ४० मिनिटांत ५० मिनिटं मिळवली की १ तास ९० मिनिटांवर थांबते, कारण शंभर कुठे झाले!

धाकटा दुसरीत आहे. तो वस्तूचं टोक पट्टीवरच्या १ पाशी लावतो आणि दुसऱ्या टोकाला दिसेल तो आकडा सांगतो.

घरच्या घरी, वह्या न भरता, हे कसं पक्कं करून घ्यावं? मुलं गणिताला घाबरायला लागायच्या आत काहीतरी करायचं आहे.

प्रतिसाद १

मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. गोम तुम्ही बरोबर ओळखलीत. नियम सध्या बाजूला ठेवा.

आधी मीटर-सेंटिमीटर नकोतच. टेबलाची लांबी तिला वितीने मोजू द्या, मग तेच टेबल बोटाच्या रुंदीने. पण मोजण्याआधी विचारायचं, "वीत जास्त वेळा बसेल की बोट?" अंदाज तिने आधी बोलून दाखवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. टेबल तेच, माप लहान, म्हणून आकडा मोठा. हे तिने स्वतःच्या हाताने अनुभवलं की '४५० सेंटिमीटर म्हणजे ४५,००० मीटर' तिचं तिलाच खटकेल.

मग मोजायची टेप जमिनीवर पसरा. ३ मीटर कुठे येतात? ३०० वर. तिथून ५ सेंटिमीटर पुढे बोट सरकवायला सांगा. आता ३५० कुठे आहे ते दाखवायला सांगा. जवळजवळ अर्धा मीटर लांब! आणि ३५ तर पहिला मीटरही संपायच्या आत. मग वहीत ३०० + ५ असं मांडू दे. मधला शून्य आपोआप जागेवर बसतो.

काही मापं डोक्यात पक्की बसवा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) असेल तर एक कागद साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे २०० कागद मिळून जवळपास एक किलो. एक लिटर पाण्याचं वजनही साधारण एक किलो भरतं, भांड्याचं वजन तेवढं वजा करा.

क्षेत्रफळासाठी वर्तमानपत्रं चिकटवून १ मीटर बाजूचा चौरस करा. एका कडेला १ सेंटिमीटरचे १०० चौकोन, आणि अशा १०० ओळी. आखत बसू नका, एक ओळ आखली तरी पुरे.

वेळेची बेरीज उभ्या मांडणीत नको, उड्या मारू द्या. १:४० पासून २:०० पर्यंत २० मिनिटं, उरली ३०, म्हणजे २:३०.

धाकट्यासाठी पेन्सिल मुद्दाम ३ पासून ११ पर्यंत ठेवा. तो ११ म्हणेल. मग आकडे नाही, मधली घरं बोटाने मोजायला लावा. आठच भरतील.

प्रतिसाद २

कोष्टक पाठ आहे ते चांगलंच आहे, फेकू नका. फक्त प्रत्येक पायरीला एकक लिहायची सवय लावा. नुसतं ३०० नको, ३०० सेमी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वीत आणि बोट आजच करून बघते. आणखी एक विचारायचं राहिलं. पसरट भांड्यातलं पाणी त्याच्यादेखत उंच, निमुळत्या बाटलीत ओतलं, तरी धाकटा म्हणतो बाटलीत जास्त आहे. त्याला मिलिलिटर इतक्यात दाखवावेत, की आधी नुसतं पेल्याने मोजून ओतू द्यावं?