विनाशिकेचे आयुष्य नेमके कशावर ठरते?

रावपुरा-वाचक:
बडोद्यात राहून समुद्रावरचा प्रश्न विचारतो आहे, सांभाळून घ्यावे. १९८० साली भारतीय नौदलात दाखल झालेली विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर प्रकारची युद्धनौका, आयएनएस राजपूत २०२१ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी निवृत्त झाली. त्याच सोव्हिएत आराखड्याची, १९८३ ची रणजित मात्र २०१९ मध्येच गेली. मग अशा जहाजाचे आयुष्य आधी ठरलेले असते की नाही? आणि जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेली आयएनएस सूरत कधीपर्यंत टिकेल असे धरावे?

जुना तपासनीस:
आराखड्यात एक आकडा असतो, परंतु पोलाद तो आकडा पाळतेच असे नाही. कोयलीच्या रिफायनरीत पाइपांची जाडी मोजण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली. जहाजाच्या पत्र्यालाही तीच पद्धत लावतात. रंग खरवडायचा, जेल लावायचे, प्रोब टेकवायचा. ध्वनिलहर पत्र्याच्या मागच्या बाजूवर आपटून परतायला जो वेळ घेते, त्यावरून उरलेली जाडी समजते. गंज सर्वत्र सारखा चढत नाही. इंजिनखोलीच्या तळाशी साचणारे पाणी, समुद्राचे पाणी आत घेणारी तोंडे, टाक्यांचे कोपरे आणि उष्णतारोधक आवरणामागची, कोणाच्या नजरेस न पडणारी जागा, येथे तो आधी दिसतो. सुक्या गोदीत खराब पत्रा कापून नवा जोडता येतो. मात्र तो कापण्यापूर्वी त्यामागच्या केबली, नळ आणि यंत्रे हलवावी लागतात, आणि पत्र्यापेक्षा हीच उठाठेव महाग पडते.

मांडवीकर:
वरील माहिती योग्यच आहे, तरी निवृत्तीचे कारण बहुधा पत्रा नसतो. अमेरिकेच्या स्प्रूअन्स वर्गात, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांच्या गटात, एकतीस विनाशिका होत्या. त्यांपैकी ज्या सात जहाजांवर क्षेपणास्त्रांचे उभे प्रक्षेपक बसवले नाहीत, त्यांतील बहुतेक विशीच्या आसपासच सेवेतून काढली गेली, आणि २००५ पर्यंत अख्खा वर्गच संपला. याउलट आर्ले बर्क वर्गातील सुरुवातीची जहाजे पस्तीस वर्षांच्या हिशेबाने बांधलेली असूनही, त्यांपैकी बारांना मुदतवाढ देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. जहाज चालवणारे इंजिन, म्हणजे गॅस टर्बाइन, तर उचलून बाहेर काढता येते आणि त्या जागी दुसरे बसवता येते. अडचण येते ती नव्या रडारसाठी जास्तीची वीज, ते थंड ठेवणारे पाणी आणि उंचावर वाढणारे वजन या तिन्हींना जहाजात जागा शिल्लक नसली म्हणजे. ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांचे वीजनिर्मितीचे दुखणे एवढे वाढले की सेवेत असतानाच पत्रा कापून जुने डिझेल जनित्र-संच काढावे लागले आणि नवे, अधिक शक्तीचे बसवावे लागले.

दांडियाबाजार:
सुट्या भागांचा मुद्दा राहिलाच. राजपूत आणि तिच्या भगिनी आजच्या युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे बांधल्या गेल्या. सूरतची मुख्य टर्बाइनेही त्याच शहरातील कारखान्याची आहेत, आणि तेथे २०२२ पासून युद्ध चालू आहे. शिवाय बदली जहाज वेळेवर तयार झाले नाही, तर जुने आणखी काही वर्षे ओढावे लागते, मग त्याची अवस्था काहीही असो.

मांडवीकर:
सूरतबद्दल माझा अंदाज पस्तीस ते चाळीस वर्षांचा, म्हणजे २०६० ते २०६५; पण त्याआधी, साधारण निम्म्या वयात होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीत तिच्यावर किती खर्च होतो ते पाहावे. तेव्हा हात आखडता घेतला, तर हा अंदाज सोडून द्यावा.