मदत हवी आहे: श्रीवर्धनला 264 फूट कुंपणाचा अंदाज

4 गुंठे चौरस जागा, समुद्र जवळ. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ इथेच जमिनीवर आलं, त्यामुळे पत्र्याचं कुंपण नकोच. पत्रा सगळा वारा अंगावर घेतो आणि पोल मुळातून उपटतो. 5 फुटी चेनलिंक जाळी ठरवली आहे.

हिशोब असा: दर 8 फुटांवर पोल म्हणजे 33, कोपऱ्यांना प्रत्येकी दोन तिरके टेकू म्हणजे आणखी 8. पोल 7 फुटी, 2 फूट जमिनीत. फूटभर चौरस खड्डा धरला तर 33 पोलांना 66 घनफूट काँक्रीट, 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला साधारण 12 गोण्या सिमेंट. टेकूंचं वेगळं.

अडलंय ते पोलांवर. स्वस्त सिमेंट पोलात सळीवर आवरण कमी असतं. खारी हवा आत गेली की सळी गंजून फुगते, पोल उभा तडकतो. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्यावा, तर जमिनीलगतच सडतो.

किनाऱ्यावर काम केलेल्यांनी कृपया सांगा: पोल कोणते टिकले? पीव्हीसी कोटेड जाळीचा जादा खर्च वसूल होतो का? बांधायची तार स्टेनलेसची घ्यावी का? मजुरी रनिंग फुटावर (कुंपणाच्या लांबीवर) ठरवावी की खड्ड्यावर? जांभा लागला तर खोदाईचा दर बदलतो. दर लिहाल तर वाहतूक धरून लिहा.